पाणी तपासणीचा शालेय संच : रामनदीच्या काठावर घेतलेली परीक्षा

आपल्या परिसरातील नदीची प्रकृती आठवीच्या मुलांना स्वतः तपासता यावी, या हेतूने मी पाणी तपासणीचा एक तयार संच विकत घेतला. दिवाळीनंतर तो पुण्याच्या रामनदीवर दोन ठिकाणी वापरून पाहिला : आधी खाटपेवाडीच्या बाजूला, उगमाजवळ, आणि नंतर भूगाव, बावधन, पाषाण ओलांडून नदी सोमेश्वरवाडीला पोहोचते तिथे. संचात सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते) मोजण्याच्या पट्ट्या, विरघळलेल्या ऑक्सिजनची चाचणी आणि मैलापाण्यातील जंतूंचा सुगावा देणाऱ्या बाटल्या आहेत.

माहितीपत्रकात सामूला पहिले स्थान दिले आहे आणि माझा मुख्य आक्षेप त्यालाच आहे. दोन्ही ठिकाणी पट्टीचा रंग जवळजवळ सारखा आला, तेव्हा एका मुलीने विचारले, “बाई, सामू तर सारखाच आहे, मग इथल्या पाण्याला वास का येतो?” घरगुती सांडपाण्याने सामू फारसा हलत नाही, त्यामुळे केवळ पट्टीवर विसंबणारा वर्ग नासलेल्या पाण्यालाही चांगले ठरवून घरी जाईल. पत्रकात याविषयी एक ओळ तरी असायला हवी होती.

ऑक्सिजनची चाचणी मात्र एवढी उत्तम आहे, की केवळ तिच्यासाठी संच घ्यावा. पद्धत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली मांडलेलीच आहे : बुडबुडा राहू न देता बाटली काठोकाठ भरायची, दोन द्रावणांचे थेंब टाकायचे आणि साका, म्हणजे तयार होणारा गाळासारखा पदार्थ, खाली बसू द्यायचा. पाण्यात ऑक्सिजन असेल तर साका तपकिरी होतो, नसेल तर पांढरा राहतो. उगमाजवळचा साका गडद तपकिरी, सोमेश्वरवाडीचा अगदी फिकट. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्यावर मुलांना काहीही समजावून सांगावे लागले नाही. पुढे थेंब मोजून आकडाही काढता येतो. २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमहून थोडा अधिक ऑक्सिजन मावतो आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार आंघोळीच्या पाण्यात तो किमान ५ मिलिग्रॅम असावा लागतो, एवढे ठाऊक असले की त्या आकड्याला अर्थ येतो. साका काठावरच तयार करावा लागतो. बाटली शाळेत नेऊन केलेली चाचणी फसवी ठरते.

जंतूंच्या बाटल्या एक-दोन दिवस उबेला ठेवायच्या असतात; पाणी काळे पडले तर त्यात मैला मिसळल्याची दाट शक्यता असते. सोमेश्वरवाडीची बाटली दुसऱ्या सकाळी काळी झाली होती.

संचात जीव पाहण्याचे साहित्य मुळीच नाही, ही मोठी उणीव आहे. आम्ही घरून गाळणी आणि पांढरा ट्रे नेला, म्हणून वरच्या अंगाला दगडांखालची मेफ्लाय या कीटकाची तीन शेपट्यांची पिल्ले आणि खाली गाळातल्या लालभडक अळ्या मुलांना पाहता आल्या. या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या अपुऱ्या ऑक्सिजनवरही तग धरतात, हे कळल्यावर साक्याचा रंग त्यांना पुन्हा आठवला.

आम्ल आणि अल्कली हाताळायची असल्याने हातमोजे, चष्मा आणि मोठे माणूस सोबत हवेच. वापरलेले द्रावण कुठे टाकायचे याबद्दल पत्रक गप्प आहे. ते ओढ्यात ओतू नये म्हणून झाकणाची एक रिकामी बरणी सोबत न्यावी.