ओळखीची साखळी की मोबाइलचा पडदा?

ट्रान्सजेंडर व्यक्तींपर्यंत एचआयव्ही प्रतिबंध पोहोचवण्याचे दोन मार्ग आहेत: समुदायातल्याच व्यक्तीने ओळखीपाळखीतून केलेला प्रसार आणि समाजमाध्यमांवरचा संपर्क. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सामाजिक जाळ्यावर आधारित, म्हणजे ओळखीच्यांनी ओळखीच्यांपर्यंत पोहोचवलेल्या चाचणीची शिफारस केली आणि माझ्या मते पहिल्या चाचणीसाठी ओळखीचाच मार्ग उजवा ठरतो. रुग्णालयात जुन्या नावाने हाक मारली जाण्याच्या धास्तीने जी व्यक्ती तिकडे फिरकतच नाही, तिच्या हातात मैत्रीण स्वयंचाचणीचा संच ठेवते, पट्टी हिरड्यांवरून कशी फिरवायची ते दाखवते आणि रेघ उमटेपर्यंत शेजारी बसून राहते. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या प्रेपच्या गोळीमुळे, लिंगओळखीशी जुळते शरीर घडवण्यासाठी घेतलेल्या हार्मोनचा परिणाम कमी होईल, ही भीतीही बहुधा अशा गप्पांतच बाहेर पडते. अभ्यासांत तसे आढळलेले नाही, हे विश्वासातल्या माणसाने सांगितले तर पटते.

मात्र ही साखळी ओळखीच्याच वर्तुळात फिरते. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे चाचणीचा निकाल फुटायला वेळ लागत नाही, आणि आपली ओळख कुणालाच न सांगितलेली व्यक्ती तर साखळीबाहेरच राहते. तिच्यासाठी समाजमाध्यमावरचे टोपणनावाचे खाते सोयीचे. जोखमीच्या संबंधानंतर ७२ तासांच्या आत पेप, म्हणजे लागण टाळण्यासाठीचे औषध, सुरू करावे लागते. मध्यरात्री विचारलेल्या प्रश्नाला प्रशिक्षित व्यक्तीने दिलेले उत्तर तेव्हा मोलाचे असते. खोटी खाती आणि चुकीची माहिती यांचा त्रास तिथे आहेच. शिवाय स्वयंचाचणीत संसर्गाचा संकेत मिळाला तर खात्रीची चाचणी प्रत्यक्ष केंद्रातच करावी लागते, आणि तिथवर सोबत जाणारे माणूस पडद्यावरून मिळेलच असे नाही.