टायटेनियाची पावडर सुधारायची: भट्टीने की डोपिंगने?

प्रोजेक्टला टायटॅनियम डायऑक्साइडचे (टायटेनियाचे) नॅनोकण घेतले की सोल-जेलपर्यंत, म्हणजे द्रावणातून जेल करून पावडर बनवण्यापर्यंत, सगळ्यांची वाट जवळपास एकच असते. फाटा फुटतो तो त्यानंतर. तीच पावडर वेगवेगळ्या तापमानांना भाजून तिचे गुण बदलायचे, की तिच्यात लोह, नायट्रोजन असं काही थोडंसं घालायचं, म्हणजे डोपिंग करायचं? पाण्यातल्या रंगांचं प्रकाशाच्या मदतीने विघटन करण्यासाठी मी दोन्ही केलं आहे. तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं निघू शकतं, हे आधीच सांगतो.

डोपिंगचा मोह का पडतो हे समजण्यासारखं आहे. ॲनाटेज या टायटेनियाच्या एका स्फटिकरूपाचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन उठवायला लागणारी किमान ऊर्जा, 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे साधारण 388 नॅनोमीटरहून लांब तरंगलांबीचा प्रकाश त्याच्या कामाचा नाही, आणि सूर्यप्रकाशाचा बहुतेक भाग तिथेच वाया जातो. भट्टी कितीही तापवली तरी फार तर रुटाइल हे दुसरं स्फटिकरूप मिळेल आणि 3.0 वर थांबावं लागेल. लोह घातलं की मात्र पावडर पिवळसर-तांबूस दिसू लागते, शोषण दृश्य प्रकाशात सरकतं आणि आलेख पाहून गाइड खूश होतात.

माझं घोडं अडलं ते पुढे. घातलेलं लोह गेलं कुठे? Fe³⁺ ची त्रिज्या 0.645 अँगस्ट्रॉम, Ti⁴⁺ ची 0.605, त्यामुळे ते टायटॅनियमच्या जागी स्फटिकाच्या जाळीत बसू शकतं हे खरं. पण बसलंच, की कणांच्या पृष्ठभागावर ऑक्साइड होऊन चिकटलं, हे एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) सांगत नाही. एखाद्या टक्क्याएवढ्या वेगळ्या पदार्थाचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, त्यात दिसतच नाही. ‘लोहाचा पीक नाही, म्हणजे डोपिंग झालं’ असं वाक्य अनेक प्रबंधांत असतं. मला ते कधीच पटलं नाही. खात्री करायची तर एक्सपीएस किंवा मॉसबाउर ही लोहाची रासायनिक अवस्था दाखवणारी तपासणी हवी. त्यासाठी सॅम्पल बाहेर पाठवायचं आणि नंबर लागेपर्यंत बसून राहायचं.

त्याहून जास्त त्रास दुसऱ्या गोष्टीचा झाला. लोहामुळे ॲनाटेजचं रुटाइल कमी तापमानाला होऊ लागतं, आणि कणांचा आकारही बदलतो. मग 500 अंशांना भाजलेली साधी पावडर आणि त्याच तापमानाची डोप केलेली पावडर शेजारी ठेवून ‘लोहाने काम वाढलं’ असं म्हणायचं कसं? एक्सआरडीच्या आलेखात 25.3 अंशांच्या कोनावरच्या ॲनाटेजच्या पीकशेजारी 27.4 ला रुटाइलचा बारीक उंचवटा दिसतो, आणि श्रेय लोहाचं, त्या मिश्रणाचं की आकाराचं, हे सुटत नाही. ते सोडवायचं तर साध्या पावडरची तापमानांची मालिका करावीच लागते. म्हणजे डोपिंग निवडलं तरी भट्टीचं काम टळत नाही, वर डोपंटच्या प्रमाणाची दुसरी मालिका येते. प्रमाण वाढलं की तीच डोपंटची केंद्रं प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या मागे राहिलेल्या रिकाम्या जागा (होल) गिळू लागतात. 1994 मध्ये चोई, टर्मिन आणि हॉफमन या संशोधकांनी टायटेनियात 21 धातूंचे आयन घालून तपासले, तेव्हा लोहाचा चांगला परिणाम अर्धा टक्का प्रमाणाला दिसला होता आणि कोबाल्ट, ॲल्युमिनियमने उलट काम घटवलं होतं.

भट्टीच्या बाजूने सांगायचं तर तिथे काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. 300 अंशांच्या आसपास पावडर करडी-तपकिरी असते, कारण सेंद्रिय अवशेष पुरते जळलेले नसतात. आणखी तापवलं की ती पांढरी होते. पीक टोकदार होत जातात, त्यांच्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने कणांचा आकार काढता येतो. स्फटिकता सुधारते, पण कण वाढून पृष्ठभाग घटतो. या ओढाताणीतला मधला टप्पा शोधणं हे एका सत्रात होण्यासारखं काम आहे. थोडं रुटाइल मिसळलेलं वाईटच असतं असंही नाही. पी-25 या बाजारात मिळणाऱ्या प्रसिद्ध टायटेनिया पावडरीत ॲनाटेजबरोबर सुमारे पाचवा हिस्सा रुटाइल असतो.

दृश्य प्रकाशावरच चालवायचं असेल, किंवा झिंक ऑक्साइडला ॲल्युमिनियम घालून वीजवाहक पारदर्शक थर करायचा असेल, तर डोपिंगला पर्याय नाही आणि ते जरूर करावं. फक्त दृश्य प्रकाशातली चाचणी एकट्या मेथिलिन ब्लूवर करू नका. तो रंग स्वतःच 660 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे साधी पावडरही दृश्य प्रकाशात काम करतेय असं वाटतं. सोबत फिनॉलसारखं रंगहीन काही घ्या.

हाताशी एकच वर्ष आणि विभागात फक्त एक्सआरडी आणि प्रकाशाचं शोषण मोजणारं यूव्ही-व्हिजिबल असेल, तर माझ्यापुरता मी भट्टीकडेच, म्हणजे मफल फर्नेसकडेच वळेन. तापमान वाढवण्याचा वेग आणि धरून ठेवण्याचा वेळ मात्र प्रत्येक सॅम्पलला एकच ठेवा, आणि तो वहीत त्याच दिवशी लिहा.