मे महिन्यात हुरडा विकणारा माणूस

वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीला जोडून 'मराठवाड्याचं अस्सल जेवण शिका' अशा जाहिराती हल्ली मोबाईलवर सारख्या दिसतात. त्यातल्या काही खऱ्या आहेत. आमच्या भागात पाहुण्यांना भाकरी थापायला शिकवून चार पैसे मिळवणाऱ्या बायका आहेत, मीही त्यातलीच. पण एका जाहिरातीत हात माझे, चूल माझी आणि पैसे घेणारा भलताच, असा प्रकार झाला. जाणारे फसतात आणि ज्यांच्या घरी जायचं तेही फसतात, म्हणून दोघांसाठी लिहिते.

मी दौलताबादच्या वाटेवरच्या एका गावात राहते. थंडीच्या दिवसांत एकाचा फोन आला. पुण्याची टूर कंपनी आहे म्हणाला, खाद्य-सहली काढतो, परदेशातले पाहुणे येतात, त्यांना हॉटेल नको, घर हवंय. दर वाक्याला 'ताई'. माणशी सातशे ठरले. आधी एकदा बघून जातो, फोटो काढतो, म्हणजे पाहुण्यांना दाखवता येईल, असं म्हणाला. यात वावगं काही नव्हतं, या धंद्यात असंच चालतं.

कॅमेरावाला पोरगा घेऊन आला. मी ज्वारीची भाकरी, येसर आमटी, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी केली. येसर कसा करतात हे त्याने खोदून खोदून विचारलं. हरभऱ्याची डाळ, गहू, बाजरी, धणे, जिरं वेगवेगळं भाजायचं आणि मग एकत्र दळायचं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीला ही आमटी लागतेच. पोरगा माझ्या हातांचं शूटिंग घेत होता. काठवटीत पीठ मळताना, भाकरी थापताना, तव्यावर पाणी फिरवताना. चेहरा नको म्हटलं तर लगेच ऐकलं. तेव्हा बरं वाटलं. आता कळतं, चेहरा नसलेला फोटो त्याला जास्त कामाचा, तो कुठेही चिकटवता येतो.

करारपत्र पाठवतो म्हणाला, ते आलं नाही. मग फोन उचलेना. असे बोलबच्चन बरेच येऊन जातात, म्हणून मीही विषय सोडला.

मेमध्ये, भर उन्हात, दारात एक गाडी थांबली. ठाण्याचे नवरा-बायको आणि परदेशातून सुट्टीला आलेली त्यांची मुलगी. "काकू, आम्ही जरा लवकरच आलो, वेरूळ बंद निघालं." मंगळवार होता. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठा सोमवारी. त्यांच्या हातातल्या कार्यक्रम-पत्रिकेत मात्र छापलेलं होतं, मंगळवारी सकाळी वेरूळ, दुपारी स्वयंपाक वर्ग. संभाजीनगरचा रिक्षावालासुद्धा ही चूक करणार नाही.

मला कुणाच्याच येण्याचा पत्ता नव्हता. मी तसं सांगितलं तर बाईंनी मोबाईल पुढे केला. पानावर माझे फोटो, खाली माझ्या गावाचं नाव आणि नकाशा. गाव तरी खरं का दिलं असेल? पाहुणे एकदा दारात येऊन भिडले की भांडण माझ्याशी होणार, त्याच्याशी नाही, हाच हिशोब असावा. माणशी साडेतीन हजार, तिघांचे दहा हजार पाचशे, सगळे आगाऊ भरलेले. खाली कौतुकाचे अभिप्राय, 'काकूंच्या हाताला चव आहे' वगैरे. त्याच्यामार्फत एकही माणूस माझ्याकडे जेवून गेलेला नव्हता.

त्या पानावरचा मेनू वाचून मला हसू आलं आणि संतापही. 'शेतात हुरडा पार्टी, येळवशीचं जेवण, घरच्या घरी नान खलिया. कोणत्याही तारखेला उपलब्ध.'

हुरडा म्हणजे रब्बीच्या ज्वारीचं कोवळं कणीस. दाण्यात दूध भरतं तेव्हाच, साधारण डिसेंबर-जानेवारीत, फार तर फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, ते गोवऱ्यांच्या आरात भाजतात आणि हातावर चोळून दाणे काढतात. मेमध्ये शिवारात उभी ज्वारीच नसते, कडब्याच्या गंजी असतात. येळवस तर वर्षातून एकदाच, मार्गशीर्षातल्या अमावस्येला. माझं माहेर लातूरकडचं, म्हणून ठाऊक आहे: शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, त्यात पूजा, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर सगळ्या गावाने एकमेकांच्या शेतात जाऊन खायची. ती भज्जी बोरं, हिरवा हरभरा, तुरीचे दाणे आणि त्या दिवसांतल्या भाज्यांची असते. मेमध्ये ती करायची तर भांड्यात घालणार काय?

नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, तर आणखी वेगळं. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा लष्कराच्या भटारखान्यातून तो इथे आला असं सांगतात. तो आजही तसाच होतो: नान भट्टीत, खलिया मोठ्या डेगीत, शेकड्यांच्या पंगतीला. शहरात जाऊन आयता खावा. माझ्या चुलीवर तिघांसाठी 'घरच्या घरी' करून देणं म्हणजे निव्वळ थाप.

तेव्हा पैसे भरण्याआधी एवढं विचाराच, की मी अमुक महिन्यात येतोय, तेव्हा तुमच्याकडे काय मिळेल? खरी स्वयंपाकीण लगेच सांगेल, मेमध्ये हुरडा नाही, केसर आंबा खा. सीताफळ हवं तर पावसाळा सरता सरता या, हुरड्याला थंडीत. ती चार गोष्टींना नाही म्हणेल. सगळ्याला हो म्हणणारा शेताकडे कधी फिरकलेला नसतो. आणि हे विचारायचं ते जिच्या हातचं खाणार तिलाच, व्हिडिओ कॉलवर. दलाल 'ताई शेतात आहेत, रेंज नाही' म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा. आमच्या गावात रेंज चांगली आहे.

पुढचा भाग जास्त वाईट. मुलीने त्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो अजिबात दचकला नाही. "मॅडम, ड्रायव्हरने चुकीच्या घरी सोडलं असेल. काळजी करू नका, पूर्ण रिफंड देतो." दोन मिनिटांत व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड आला, रक्कम दहा हजार पाचशे. "स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." वडिलांनी मोबाईल हातात घेतलाही होता. मुलगी म्हणाली, "बाबा, थांबा. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही." पिन टाकला असता तर आणखी तेवढेच गेले असते. यूपीआयवर पैसे यायचे तर स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही लागत नाही. ते आपोआप जमा होतात.

मग आम्ही चौघांनी बसून त्यांची पावती पाहिली. यूपीआयने पैसे भरताना समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं. तिथे कंपनी नव्हती, एका व्यक्तीचं नाव होतं, आणि माझ्याशी बोलताना त्याने सांगितलेलं नाव तिसरंच. पावतीवर जीएसटी क्रमांक छापला होता. तो पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. मुलीने बोट ठेवून मोजला, तेरा भरला. खरा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की कुणाच्या नावे आहे ते फुकट दिसतं. आम्हा घरगुती जेवण देणाऱ्यांकडेही अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक असतो. तो खुशाल मागा. मला कुणी मागितला तर राग येत नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रारही टाकली. पण पैसे भरून पंधरवडा उलटला होता आणि त्या खात्यात काही उरलं नव्हतं. १९३० चा उपयोग लगेच केला तरच, पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण समोरचा कोण हेच माहीत नसेल तर नोटीस कुणाच्या नावे काढणार?

माझी तक्रार घेऊन गेले तेव्हा पहिला प्रश्न आला, "तुमचे किती गेले?" माझा रुपयाही गेला नव्हता. पण रस्त्यावरून आलेली गाडी थांबली की आता पोटात गोळा येतो, की हेही पैसे भरून आलेत की काय. जाण्या-येण्यातल्या दोघी-तिघींशी बोलले, तर त्यांच्याकडेही 'फोटो काढायला' असाच कुणी येऊन गेलेला. आता आम्ही फोटो काढू देतो ते कोपऱ्यात आपला फोन नंबर ठळक टाकून, आणि करार हातात आल्याशिवाय व्हिडिओ नाही.

ठाण्याच्या पाहुण्यांना मी उपाशी पाठवलं नाही. पिठलं, भाकरी, ठेचा आणि फोडलेले केसर आंबे. मुलीची तिसरी भाकरी फुगली. पैसे द्यायला लागले तेव्हा मी माझे ठरलेले सातशे माणशी घेतले. फसवणारा दुसरा असला तरी पीठ-सरपण माझंच जळलं होतं, आणि फुकट खाऊन जायला त्यांनाही संकोच वाटत होता.

तक्रारीनंतर ते पान बंद झालं. काही दिवसांनी वेगळ्या नावाने पुन्हा सुरू झालं, आता त्यात गाव बीड जिल्ह्यातलं दाखवलंय. फोटो तोच. लाकडी काठवटीत पीठ मळणारे हात, डाव्या मनगटात हिरव्या बांगड्या, आणि काठवटीच्या कडेला तडा, तो तांब्याच्या तारेने शिवलेला. ती काठवट माझ्या सासूबाईंची आहे आणि माझ्या घराबाहेर गेलेली नाही. हा फोटो लावून कुणी बुकिंग मागितलं तर पैसे भरू नका, पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि तो यूपीआय आयडीसकट पोर्टलवर टाका.