सुती, ॲक्रिलिक की लोकर? आधी शेगडी कुठे आहे ते बघा

परभणीच्या भाचीचा परवा फोन. "आत्या, विणायला शिकले बरं का. वहिनीचे जानेवारीत दिवस भरतात. बाळाचा सेट करू, का मला स्टोल, का आईला शाल?" एका दमात तीन कामं. माझ्या सुयांवर दोन कामं अर्धवट आहेत आणि तीन नुसती डोक्यात, तेव्हा तिला शहाणपण शिकवायचा अधिकार मला किती, देव जाणे. पण ही तिन्ही कामं माझ्या हातून झाली आहेत, बिघडलीही आहेत.

आधी धाग्याचं. आपण दुकानात सगळ्यालाच सरसकट लोकर म्हणतो. 'बेबी वूल' म्हणून जो मऊ गुंडा मिळतो, तो बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतो. लेबल उलटून वाचलं की कळतं. लेबल हरवलं असेल तर बोटभर धागा कापून स्टीलच्या ताटलीत जाळून बघायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ करडी राख उरते. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, काळा कोळसा बोटाने चुरडला जातो. ॲक्रिलिक वितळतं, आकसतं आणि थंड झाल्यावर त्याचा टणक काळा मणी होतो. तो मणी नखाने फुटत नाही.

हा मणीच बाळाच्या सेटचा निकाल लावतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत अजूनही बाजेखाली शेगडी असते, बाळाला न्हाऊ घालून धुरी देतात, शेक देतात. तिथे ठिणगी उडाली तर लोकर जळते पण विझते, सुती कापड पेटतं पण चिकटत नाही. ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं. मागच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत शेकोटीजवळ बसलेल्या पोराच्या स्वेटरच्या बाहीला ठिणगीने वाटाण्याएवढं भोक पडलं, त्याची कड प्लास्टिकसारखी कडक झाली होती. नशीब, आत शर्ट होता. तेव्हापासून तान्ह्या बाळाच्या टोपड्याला मी ॲक्रिलिक वापरत नाही. (शेगडी सुतालाही लांबच हवी, हे ओघानेच आलं.)

मग ॲक्रिलिक वाईट का? अजिबात नाही. शाळकरी पोरांच्या स्वेटरला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. मशीनमध्ये टाका, बोअरच्या जड पाण्यात धुवा, उन्हात वाळवा, कसर लागत नाही, आणि उसवून पुन्हा विणता येतं. गरम इस्त्री मात्र नको. एकदा चपटं झालं की वीण पुन्हा उभी राहत नाही. खऱ्या लोकरीचं उलट. ती ओल शोषते आणि तरी अंगाला ओली लागत नाही, पण गरम पाणी आणि रगडणं तिला सोसत नाही, ती आकसून घट्ट होते, तिचा नमदा होतो. सासूबाईंचा एक स्वेटर मी मशीनला लावला होता. पुढचं सांगत नाही. शिवाय लोकर हलक्या हाताने दोन-तीन पाण्यांतून काढावी लागते. आम्ही लातूरकर. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा साधी चादर धुताना हात थांबायचा, शाल कोण भिजत घालणार?

सुताचं दुखणं वेगळं. त्याला ताण नसतो. मनगटाची, कमरेची पट्टी लोकरीत विणली की परत आखडते, सुतात विणली की ढिली पडते ती पडतेच. म्हणून सुतात घट्ट बसणारं काही विणू नये. टोपड्याला नाडी लावा, पण लांब नको. बाळाच्या कपड्याला जाळीची वीणही नको, बोटं अडकतात. स्टोलला मात्र ताण लागतच नाही, जाळी हवीच, आणि तो मराठवाड्यात दहा महिने खांद्यावर राहतो. मे महिन्यात गाडीवरून जाताना तोंडाला बांधायला, बसमध्ये एसी लागला तर मानेला. स्वत:च्या वजनाने तो लोंबतो, तेव्हा हव्या त्या लांबीच्या वीतभर आधीच थांबायचं.

आता माप. भाची म्हणते, "लहान बाळाचंच तर आहे, अंदाजे करते." इथेच मी फसले. चार वर्षांच्या नातवाचं स्वेटर सध्या माझ्या सुयांवर आहे. पाठीला ७० टाके घातले, कारण हिशोब होता १० सेंटिमीटरला २२ टाके, म्हणजे साधारण ३२ सेंटिमीटर रुंदी. नमुन्याचा तुकडा विणायचा कंटाळा केला. माझा हात घट्ट. प्रत्यक्षात २५ टाके बसत होते. पाठ झाली २८ सेंटिमीटर, पुढचा भाग धरून घेर ५६, आणि पोराची छातीच ५८. काखेपर्यंत आलेलं सगळं उसवलं. त्यात व्हिडिओ बघून विणणाऱ्यांना आणखी एक खड्डा: आपल्या जुन्या सुयांचे नंबर ब्रिटिश पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकन व्हिडिओतली १० नंबरची सुई ६ मिलिमीटरची, जाडजूड. नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

सुया की क्रोशा, हेही तिने विचारलंच. क्रोशात एकच टाका उघडा असतो. पोराने ओढलं तर चार खांब (क्रोशाचे उभे टाके) उसवतात, बस. सुईवरून टाका निसटला तर तो शिडीसारखा खाली धावतो. पण क्रोशाला तेवढ्याच जागेला धागा जास्त लागतो आणि कापड जाडसर होतं. स्टोलला क्रोशा, स्वेटरला सुया. शालीला दोन्ही चालतं, फक्त एप्रिल-मेमध्ये मांडीवर लोकरीची शाल घेऊन विणणं म्हणजे शेगडी मांडीवर घेऊन बसणं. मी उन्हाळ्यात चौकोन विणून डब्यात ठेवते आणि नवरात्रानंतर जोडते. सगळे गुंडे मात्र एकदमच घ्यायचे आणि प्रत्येकावरचा रंगाचा लॉट नंबर जुळवायचा, नाहीतर एक बाही सायीची आणि दुसरी लोण्याची.

भाचीला मी सांगितलं ते असं. आत्ता बाळाला फक्त सुती टोपडं आणि मोजे, चार संध्याकाळचं काम. परभणीची थंडी मी हलकी धरत नाही, कृषी विद्यापीठातला पारा ५ अंशांच्या खाली गेल्याचं पेपरात वाचलेलं आहे. पण जानेवारीत जन्मलेल्या बाळाला तान्ह्या मापाचा स्वेटर सहा आठवडे पुरतो. स्वेटर करायचाच तर एक वर्षाच्या मापाचा कर, पुढच्या डिसेंबरला कामी येईल, तोवर शेगडीही गेलेली असेल, मग ॲक्रिलिक चालेल. मधल्या काळात स्टोल. आईची शाल अगदी शेवटी, हात बसल्यावर, आणि खऱ्या लोकरीची. इथल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण मानेला टोचते, तेव्हा मऊ लोकर बाहेरचीच घ्यावी लागेल.

"आणि आईला तोवर काय सांगू?" तिने विचारलं.

तिची आई म्हणजे माझी वहिनी. २०१९ पासून माझ्याकडून एका शालीची वाट बघते आहे. मी म्हटलं, माझं नाव सांग.