आपल्या बाब्याचं प्रतिज्ञापत्र आधी उघडा : उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांच्या पोर्टलचा आढावा

केंद्रीय निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं फुकट पाहता येतात. मुंबईत मात्र ही सोय बहुतेक वेळा एकाच कामासाठी वापरली जाते. विरोधी पक्षाच्या उमेदवाराचं नाव शोधायचं, गुन्ह्यांचं पान तेवढं कापायचं आणि सोसायटीच्या किंवा मंडळाच्या ग्रुपवर टाकायचं. ज्याच्यासाठी आपण प्रचारात फिरलो त्याचं प्रतिज्ञापत्र कुणी उघडत नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

२०२२मध्ये शिवसेना फुटली, २०२३मध्ये राष्ट्रवादी. गिरगावापासून बोरिवलीपर्यंत एकेका घरात दोन-दोन बाजू झाल्या. त्यात एक गोष्ट लख्ख दिसली. नेता आपल्या बाजूला असताना त्याच्यावरचे गुन्हे ‘आंदोलनातले’ असतात, आणि तो पलीकडे गेला की त्याच गुन्ह्यांची यादी फिरू लागते. गुन्हा क्रमांक तोच, पोलीस ठाणं तेच, कलमंही तीच. म्हणून हा आढावा लिहिताना पोर्टल चालतं कसं, एवढंच पाहिलेलं नाही. ज्याला आपण मानतो त्याला जाब विचारायला ते किती उपयोगी पडतं, हेही तपासलं आहे. थोडक्यात सांगायचं तर माहितीच्या खोलीला भरपूर गुण, शोधण्याच्या सोयीला निम्मे, आणि खोटं लिहिणाऱ्यावर कारवाई होण्याच्या बाबतीत जेमतेम काठावर पास.

पोर्टलवर आधी निवडणुकीचा प्रकार, मग राज्य, टप्पा आणि मतदारसंघ निवडायचा. विधानसभेसाठी मुंबईत ३६ मतदारसंघ आहेत, शहर जिल्ह्यात १० आणि उपनगर जिल्ह्यात २६. लोकसभेसाठी ६ आहेत. अर्ज वैध ठरले, बाद झाले, मागे घेतले, अशी वर्गवारी दिसते, त्यातून प्रत्यक्ष लढणारे उमेदवार वेगळे काढता येतात. नावापुढे प्रतिज्ञापत्राची पीडीएफ असते. अर्ज दाखल झाल्यापासून २४ तासांत ती चढवावी, असा आयोगाचा आदेश आहे. पालिकेच्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं इथे शोधू नका. जानेवारी २०२६मध्ये झालेल्या पालिका निवडणुकीतल्या २२७ जागांचं काम राज्य निवडणूक आयोगाचं. ती यंत्रणा वेगळी आणि तिचं संकेतस्थळही वेगळं.

पहिली चूक होते ती नावात. आपल्याकडे नामसाधर्म्याचे उमेदवार उभे करण्याची जुनी खोड आहे, त्यामुळे नाव, वडिलांचं नाव, वय आणि पत्ता हे चारही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरी अडचण फाइलची. बहुतेक पीडीएफ म्हणजे स्टॅम्पपेपरवर छापलेल्या किंवा हाताने भरलेल्या पानांचे स्कॅन. मजकुरात शब्द शोधता येत नाही, कडेचे आकडे नोटरीच्या शिक्क्याखाली जातात. फोनवर वाचायच्या भानगडीत पडू नका. मोठ्या पडद्यावर उघडा, नाहीतर छापून घ्या. एका उमेदवाराचे दोन-तीन अर्ज असतील तर शेवटच्या तारखेचं प्रतिज्ञापत्र पाहा, कारण छाननीआधी चूक सुधारून नवं देता येतं.

फाइल उघडण्याआधी एक काम करावं, आणि या सगळ्या खटाटोपात तेच सर्वांत मोलाचं आहे. कोऱ्या कागदावर आपली कसोटी लिहून ठेवायची. न्यायालयाने दोषारोप निश्चित केलेला किती गंभीर गुन्हा आपल्याला चालणार नाही? महिलेवरच्या अत्याचाराचा गुन्हा असेल तर काय? लोकांच्या पैशांचा अपहार असेल तर? तारीख घाला आणि मगच आपल्या उमेदवाराचं पान उघडा. नाव डोळ्यांसमोर आल्यावर लिहिलेली कसोटी हमखास त्या नावाला सोयीची होते. विरोधकाचं प्रतिज्ञापत्र नंतर, त्याच कागदावर तपासायचं.

आता नमुना २६चा, म्हणजे प्रतिज्ञापत्राच्या ठरलेल्या नमुन्याचा रकाना ५, प्रलंबित गुन्ह्यांचा. गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाणं, खटला क्रमांक आणि न्यायालय, कलमं, गुन्ह्याचं थोडक्यात वर्णन, दोषारोप निश्चित झाले का, झाले असतील तर कोणत्या तारखेला, आणि त्याविरुद्ध अपील किंवा पुनरीक्षण अर्ज आहे का, अशी त्याची रचना आहे. रकाना ६ शिक्षा झालेल्या प्रकरणांसाठी. घाईत वाचणारा गुन्हे मोजतो आणि थांबतो, आणि तिथेच फसतो. ‘१४ गुन्हे’ या आकड्याला स्वतःचा काहीच अर्थ नाही. कलमं वाचायची.

मुंबईच्या उमेदवारांत भारतीय दंड संहितेची १४३, १४७, १४९, १८८ आणि त्यांच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७(१) सह १३५, असा जुडगा वारंवार भेटतो. बेकायदा जमाव, दंगा, मनाई आदेशाचा भंग. मोर्चे काढणाऱ्या, रास्ता रोको करणाऱ्या कार्यकर्त्याच्या नावावर हे साचतातच. ३५३ जरा थांबून वाचावं, कारण ते सरकारी नोकरावर हल्ल्याचं कलम आहे. निवेदन देताना झालेली ढकलाढकलही त्यात येते आणि वॉर्ड ऑफिसातल्या अभियंत्याला केलेली मारहाणही. ३५४ (विनयभंग), ३७६ (बलात्कार), ४०६ (विश्वासघात), ४२० (फसवणूक), ३०७ (खुनाचा प्रयत्न) यांच्यापैकी काहीही दिसलं की ‘राजकीय गुन्हे आहेत’ हे उत्तर पुरत नाही. १ जुलै २०२४पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने नव्या गुन्ह्यांचे आकडे वेगळे दिसतील. फसवणूक ३१८, विश्वासघात ३१६, विनयभंग ७४, बलात्कार ६४, खुनाचा प्रयत्न १०९, सरकारी नोकरावर हल्ला १३२.

गुन्हा नोंद होणं, आरोपपत्र दाखल होणं आणि दोषारोप निश्चित होणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पोलिसांच्या हातात, तिसरी न्यायालयाच्या. कागदपत्रं पाहून खटला चालवण्याजोगं काही आहे, असं न्यायाधीशाला वाटलं की दोषारोप निश्चित होतात. म्हणून कसोटी तिथे लावणं न्याय्य ठरतं. पण उलट बाजूही ध्यानात ठेवावी. खटले रखडतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या गंभीर गुन्ह्यापुढे ‘दोषारोप निश्चित नाहीत’ असं असेल तर ती स्वच्छतेची पावती होत नाही. रखडला का, हे पाहायला ई-कोर्ट्स ही न्यायालयांची ऑनलाइन सेवा आहे. जिल्हा न्यायालयांच्या विभागात पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक आणि वर्ष टाकलं की खटल्याचा टप्पा, मागच्या तारखा आणि पुढची तारीख दिसते. प्रत्येक वेळी आरोपीच्या बाजूनेच मुदत मागितलेली दिसली, तर ‘न्यायालयात सिद्ध होऊ द्या’ म्हणणाऱ्या नेत्याला पहिला प्रश्न तोच विचारायचा.

मालमत्तेच्या पानांवर लोक सर्वांत जास्त वेळ घालवतात आणि सर्वांत जास्त चुकतात. पाच वर्षांत संपत्ती तिप्पट, म्हणजे खाल्लेच, असं नसतं. दादरचा जुना फ्लॅट तोच राहतो, भाव वाढतो. आधी स्थावर मालमत्ता बाजूला काढा. मागच्या निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्राशी सर्व्हे क्रमांक आणि क्षेत्रफळ जुळवा, नवीन काय आलं तेवढं टिपा. मग जंगम मालमत्ता आणि कर्जं घ्या. समजा, पती-पत्नीचं आयकर विवरणपत्रांतलं पाच वर्षांचं उत्पन्न मिळून ६० लाख आहे. त्याच काळात ठेवी, शेअर आणि सोनं दीड कोटींनी वाढलं आणि ६० लाखांचं कर्जही फिटलं. म्हणजे २ कोटी १० लाखांची भर, आणि दाखवलेलं उत्पन्न त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. इथे वारसा, भेट किंवा मालमत्तेची विक्री असं उत्तर असू शकतं. ते उत्तर मागायचा मतदाराला पूर्ण हक्क आहे. उत्पन्नाचे स्रोत जाहीर व्हावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८च्या निकालात बजावलं आहे, आणि त्यांचा रकाना आहे तो याच कामासाठी.

या कागदात मोठी भोकं आहेत. स्वतः उमेदवार, जोडीदार, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेल्या व्यक्ती यांचीच मालमत्ता दाखवावी लागते. कमावत्या मुलाच्या, भावाच्या किंवा जावयाच्या नावावरचं इथे येत नाही. उलट टोकाला, एखादी किरकोळ वस्तू राहिली म्हणून आरडाओरडा करण्यातही अर्थ नाही. एप्रिल २०२४मध्ये कारिखो क्री या अरुणाचलच्या आमदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घड्याळांचंच उदाहरण दिलं. किमती घड्याळांचा संग्रह लपवला तर ते गंभीर, साधं स्वस्त घड्याळ लिहायचं राहिलं तर नाही.

रकाना कोरा ठेवता येत नाही. ‘निरंक’, ‘लागू नाही’ किंवा ‘माहीत नाही’ यांपैकी काहीतरी लिहावंच लागतं, हे २०१३च्या निकालाने पक्कं झालं. पण सुधारणा सुचवल्यावरही रकाना कोराच राहिला तर अर्ज बाद होऊ शकतो, आणि खोटी माहिती भरली तर छाननीत बाद होत नाही. निवडणूक निर्णय अधिकारी खरं-खोटं ठरवायला बसलेला नसतो. ही या सेवेची सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती पोर्टल कितीही चकचकीत केलं तरी भरून निघणार नाही.

जोडीला दोन गोष्टी वापराव्यात. आयोगाची ‘नो युवर कँडिडेट’ ही मोबाइलवरची सोय झटपट नजर टाकायला बरी, पण खोलात जायला पुन्हा पीडीएफच उघडावी लागते. एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) या संस्थेचं मायनेता हे संकेतस्थळ तुलनेला फार सोयीचं आहे. गुन्हे, मालमत्ता, कर्ज सगळं टाइप केलेलं आणि आधीच्या निवडणुकांशी जोडलेलं मिळतं. आकडे मात्र मूळ प्रतीशी ताडून घ्या.

कमी वापरला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत बोलका कागद म्हणजे नमुना सी-७. गुन्हे दाखल असलेला उमेदवार का निवडला आणि स्वच्छ माणूस का नाही मिळाला, याचं कारण पक्षाला लेखी जाहीर करावं लागतं, निवड झाल्यापासून ४८ तासांत. फेब्रुवारी २०२०च्या निकालात न्यायालयाने बजावलं आहे की निव्वळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही. पक्षांच्या संकेतस्थळांवर हे कागद असतात, फक्त खोल कुठेतरी. शोधून काढा आणि कारणाचा रकाना वाचा. ‘लोकप्रिय आहेत, समाजकार्यात पुढे असतात, गुन्हे सूडबुद्धीने’ अशा अर्थाची ठरावीक वाक्यं एकेका पक्षाने अनेक उमेदवारांपुढे डकवलेली असतात. निष्ठावान कार्यकर्त्याला हे वाचून राग यायला हवा. पक्ष त्याच्याच विश्वासाचा हिशेब एका ओळीत उरकतो आहे.

प्रतिज्ञापत्रातला खोटेपणा पुराव्यानिशी सापडला तर अर्ज छाननीला असतानाच कुणीही शपथेवर प्रति-प्रतिज्ञापत्र देऊ शकतं. कोणता रकाना, तिथे काय लिहिलं, मूळ कागद काय सांगतो, असं लिहायचं आणि प्रमाणित प्रत जोडायची. ते सूचना फलकावर लागतं आणि पोर्टलवरही चढतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली न्यायालयात तक्रार करता येते, शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. निवडून आल्यावर त्या मतदारसंघाचा मतदार मुंबई उच्च न्यायालयात ४५ दिवसांत निवडणूक याचिका करू शकतो. गुन्हे लपवणं हा मतदारांवर आणलेला गैरवाजवी दबाव ठरतो, हे २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे.

पण समर्थकाच्या हातात याहून जवळचा उपाय आहे, पत्र. विरोधकाच्या तक्रारीला नेता ‘राजकारण’ म्हणून झटकतो, स्वतःच्या गटप्रमुखाच्या सहीचं पत्र झटकणं जड जातं. पत्र एका पानाचं ठेवा. त्यात आरोप नकोत, विशेषणं नकोत. प्रतिज्ञापत्राची तारीख, रकान्याचा क्रमांक, गुन्हा क्रमांक किंवा रक्कम, आणि तीनच प्रश्न : खटला कुठल्या टप्प्यावर आहे, तो लवकर चालावा म्हणून आपण काय केलं, आणि वाढीव रकमेचा स्रोत कोणता. शक्य असेल तर मंडळातल्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकच मसुदा वापरून आपापल्या नेत्याला तो द्यावा. मग कुणी कुणाला गद्दार म्हणण्याचा प्रश्न येत नाही, कारण विचारणा दोघांनाही तीच असते. पत्र शाखेत किंवा संपर्क कार्यालयात देताना दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या : तारीख, सही, शिक्का.