फोमवाला शांत टायर की इंधन वाचवणारा?

टायर बदलायला निघालं की शेवटी हे दोनच उरतात. एक आतून फोमचा पट्टा चिकटवलेला 'सायलेंट' टायर, दुसरा कमी रोलिंग रेझिस्टन्सचा, म्हणजे फिरताना कमी ऊर्जा खाणारा, इंधन वाचवणारा. एकाच गाडीला मी दोन्ही वापरलेत.

आधी टायरवरच्या लेबलचं. युरोपात मे २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार इंधन आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांना ए (सर्वांत चांगला) ते ई वर्ग मिळतात. आवाज डेसिबलमध्ये छापतात. पण तो मोजतात गाडीच्या बाहेर. इंजिन बंद करून गाडी ताशी ८० च्या आसपास नुसती घरंगळत सोडतात, माइक साडेसात मीटरवर. म्हणजे नियमाला काळजी आहे ती रस्त्याकडेच्या माणसाची. फोम सांभाळतो आत बसलेल्याला: टायरच्या पोकळीतली हवा साधारण २०० हर्ट्‌झला घुमते, तो घुमारा फोम जिरवतो. त्यामुळे लेबलवर शांत दिसणारा टायर आत खुशाल गुणगुणू शकतो.

खडबडीत डांबरावर फोम आवडतोच. मागच्या सीटवरच्याशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही. गुळगुळीत रस्त्यावर मात्र मला तरी फरक शोधावा लागला.

माझा निर्णय केला तो पंक्चरने. ट्यूबलेसला बाहेरून दोरी भरून वेळ मारून नेता येते, पण धड काम म्हणजे आतून पॅच. त्यासाठी त्या जागचा फोम कापायचा, खालचा चिकट थर खरवडायचा, रबर घासून उघडं करायचं, तेव्हा कुठे सोल्यूशन धरतं. पहिल्या पंक्चरवाल्याने आत बोट फिरवलं, स्पंज लागला, आणि टायर माझ्याकडे परत सरकवला. दुसऱ्याने केलं, पण कुरकुरत. कापलेला तुकडा परत बसलाच नाही, त्यामुळे चाक पुन्हा बॅलन्स करणं आलं. बाटलीतलं सीलंट वापरावं तर बरंचसं फोमच पिऊन टाकेल ही धास्ती.

दुसऱ्या टायरला ही कटकट नाही. ट्रेडमधल्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या थरातल्या, सिलिकामुळे वाकताना रबर कमी तापतं, तेवढी ऊर्जा वाचते. कारच्या टायरमध्ये ए वर्ग म्हणजे टायरवरच्या भाराच्या टनामागे ६.५ किलोपर्यंत रोध, ई म्हणजे १०.६ पासून पुढे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी जास्त लांब जाते, हे लगेच कळतं. टाकीही जरा जास्त पुरते. माझी चालवायची पद्धत बदलली असेल, हेही नाकारत नाही. खडबडीत रस्त्यावर थोडा आवाज आहे, तो मी चालवून घेतो. (हवा कमी ठेवली तर ए वर्ग स्टिकरवरच राहतो, ते वेगळं.)

गाडी इलेक्ट्रिक असेल तर फोमचा विचार जरूर करा, कारण टायरचा आवाज झाकायला इंजिनच नसतं. बाकीच्यांना मी दुसराच सुचवेन. फक्त इंधनाला ए आणि ओल्या पकडीला डी असा टायर मी उचलत नाही. दोन्हीकडे बी असलेला बरा.