नकली ब्रॉडहेड विकणाऱ्यांपासून सावध राहा

टेक्सासात धनुष्याने रानडुकरांची शिकार करणाऱ्या, किंवा करायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. एका नामांकित कंपनीच्या नावाने मला ऑनलाइन बाजारात बनावट ब्रॉडहेड विकले गेले. बाणाच्या टोकाला बसवायचं हे पातं. बरेच दिवस भांडल्यावर पैसे परत मिळाले. पण त्या खोट्या पात्यापायी एक डुक्कर रात्रभर जखमी अवस्थेत झुडपात पडून राहिलं. राग त्याचा आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

भारतातल्या वाचकांना आधी एक सांगतो. तिकडे रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. पिकाची नासाडी होत असली तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही. तेव्हा यातलं काही तिथे करून बघायला जाऊ नका. इथली परिस्थिती वेगळी आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं मोकाट सुटली, पुढे १९३० च्या दशकात शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली, आणि दोघांचा संकर झाला. मक्याची, ज्वारीची, भुईमुगाची शेतं ही डुकरं एका रात्रीत उकरून टाकतात. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासात खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. सॅन अँटोनिओच्या दक्षिणेला एका रँचचे मालक मला बोलावतात, ते याचसाठी.

आता ब्रॉडहेडबद्दल, कारण माल कसा असायला हवा हे कळल्याशिवाय फसवणूक कुठे झाली ते कळणार नाही. हरणाला चालणारं टोक डुकराला चालेलच असं नाही. मोठ्या नराच्या खांद्यावर आणि पुढच्या बरगड्यांवर कातडीखाली जाड, चिवट कवच तयार होतं. त्यावर राठ केस, आणि केसांत लोळून लोळून वाळलेला चिखल. चिखलात वाळू असते. पातं मांसापर्यंत पोचायच्या आधीच ती धार खाते. शिवाय डुकराचं हृदय आणि फुफ्फुसं हरणापेक्षा खाली आणि पुढे असतात, म्हणजे नेम धरायचा तोही नेमका कवचाच्या आसपास. बाण आरपार गेला नाही तर जखम चरबीने आणि केसांनी बुजते, रक्त जमिनीवर पडत नाही, आणि माग काढता येत नाही. म्हणून आत गेल्यावर उघडणाऱ्या पात्यांपेक्षा मी स्थिर पात्यांचा, अखंड पोलादाचा ब्रॉडहेड वापरतो. उघडणारी पाती वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पण उघडण्यात बाणाची ताकद खर्च होते, आणि डुकराच्या बाबतीत ती ताकद मला आत शिरण्यासाठी हवी असते.

तीन पात्यांच्या अखंड टोकाचा दुसरा फायदा म्हणजे धार लावणं सोपं. दोन पाती एकाच वेळी सपाट निसण्यावर टेकतात, कोन आपोआप जमतो, वेगळं साधन लागत नाही. पात्याच्या कडेला मार्करची शाई लावायची, दोनचार हात फिरवायचे आणि शाई कुठे उरली ते बघायचं. म्हणजे निसणा कुठे लागत नाहीये ते कळतं. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून काढायचं. पोलाद चांगलं असेल तर असा ब्रॉडहेड अनेक हंगाम टिकतो. चांगलं म्हणजे ५० च्या थोडं वर रॉकवेल कडकपणाचं (रॉकवेल म्हणजे धातूचा कडकपणा मोजायचं माप). त्याहून बरंच मऊ असलं तर पातं वाकतं, आणि फार कडक असलं तर हाडावर त्याचे टवके उडतात.

मी मागवला तो नेमका याच प्रकारचा होता. १०० ग्रेनचे (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) तीन नग, मूळ कंपनीचं नाव, तसंच पाकीट, आत वॉरंटीचं कार्डसुद्धा. किंमत दुकानापेक्षा थोडीशीच कमी होती, आणि यातच या लोकांची हुशारी आहे. अर्ध्या किमतीत दिलं असतं तर कुणालाही शंका आली असती. वर्णनात ठळक लिहिलं होतं की धार लावायला अत्यंत सोपा. ते खरंही निघालं. निसण्यावर जेमतेम हात फिरवला आणि मनगटावरचे केस उतरायला लागले.

हा सापळा नीट समजून घ्या, कारण भलेभले इथे फसतात. मऊ पोलादाला धार पटकन येते, पण ती खरी धार नसते. कडेला बर, म्हणजे धातूचा पातळ, उलटलेला पापुद्रा, तयार होतो. तो केस कापतो, कागद कापतो, आणि पहिल्याच कातडीवर दुमडून जातो. म्हणजे घरी टेबलावर जी परीक्षा आपण घेतो ती खोटा माल सहज पास होतो. कडक पोलाद निसण्यावर वेळ खातं, हाताला विरोध जाणवतो, पण लागलेली धार टिकते.

शिकारीचं थोडक्यात सांगतो. मोठा नर, वीस यार्डांच्या आतलं अंतर, आडवा उभा. बाण हवा तिथेच लागला, आणि चार बोटं आत जाऊन अडकला. डुक्कर मेस्किटच्या झाडीत घुसलं. अंधार पडेपर्यंत आम्ही शोधलं, रक्ताचा थेंब दिसला नाही. सकाळी मालकांच्या कुत्र्यांनी त्याला गाठलं. ते जिवंत होतं. मालकांनी रायफलने त्याची सुटका केली आणि मला एवढंच म्हणाले, “नेम तुझा चुकलेला नाही. ते पातं काढून बघ.” हातमोजे घालून कापलं (रानडुकरांत ब्रुसेलोसिस हा माणसालाही लागणारा रोग असतो, उघड्या हाताने कधीही कापू नका), तर पातं कवचातच रुतलेलं होतं. टोक वळलेलं, तीनपैकी एक पातं दुसऱ्यावर आडवं झालेलं. बरगडीला स्पर्शसुद्धा झाला नव्हता.

मी एका मशीन शॉपमध्ये गुणवत्ता तपासणीचं काम करतो, तेव्हा उरलेले दोन नग आमच्या रॉकवेल यंत्राखाली घातले. पन्नाशीच्या वर यायला हवा होता तो आकडा एकाचा ३१ आला आणि दुसऱ्याचा २८. म्हणजे धातूला पाणी दिलेलंच नव्हतं. काट्यावर एक ९३ ग्रेन भरला, दुसरा १०९. आटे सैल होते. मूळ कंपनीला फोटो पाठवले. त्यांनी कळवलं की पाकिटावरचा लॉट नंबर त्यांचा नाही आणि माल बनावट आहे. विक्रेत्याला हे सगळं पाठवल्यावर त्याने पहिलं उत्तर दिलं की वापरलेला माल परत घेत नाही. मग दहा डॉलर देतो, तक्रार मागे घ्या. मग उत्तरंच बंद झाली. त्याच्या पानावर शेकडो चांगले अभिप्राय होते. आता ते एकेक करून वाचले, तर जुने अभिप्राय मोबाइलच्या कव्हरबद्दलचे निघाले. दुसऱ्या वस्तूचं जुनं पान घ्यायचं, फोटो आणि नाव बदलायचं, तारे तसेच ठेवायचे, अशी ही पद्धत आहे. तेव्हा ताऱ्यांची सरासरी बघू नका. सर्वांत जुने अभिप्राय उघडून ते कशाबद्दल लिहिलेत ते वाचा.

पैसे परत आले ते क्रेडिट कार्डाने घेतलं होतं म्हणून. बँकेला लेखी कळवलं. बिल निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत कळवावं, उशीर करू नये. कंपनीचं बनावट असल्याचं पत्र, काट्याचे फोटो आणि विक्रेत्याची उत्तरं सोबत जोडली. यातलं सर्वांत उपयोगी पडलं ते कंपनीचं पत्र. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडेही तक्रार नोंदवली. २७ जून २०२३ पासून अमेरिकेत एक कायदा लागू आहे. वर्षभरात २०० किंवा अधिक व्यवहार आणि ५,००० डॉलर किंवा अधिक विक्री असणाऱ्या विक्रेत्याची ओळख ऑनलाइन बाजाराने पडताळायची असते. विक्री २०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि संपर्क ग्राहकाला दाखवायचा असतो. घेण्याआधी ती माहिती शोधा. पत्ता नसेल, तर या वस्तूसाठी तरी तिथे पैसे टाकू नका. मोबाइलचं कव्हर खोटं निघालं तर आपलंच नुकसान होतं. इथे नुकसान जनावराचं होतं.

घेतलेला माल तपासायला रॉकवेल यंत्र लागत नाही. ग्रेन मोजणारा छोटा डिजिटल काटा पुरतो. चांगल्या कंपनीच्या एकाच पाकिटातले नग एकमेकांच्या एकदोन ग्रेनच्या आत असतात. दहाबारा ग्रेनचा फरक पडला तर ते पाकीट वापरू नका. बाणाला घट्ट बसवून बाण बोटांवर फिरवा, टोक डगमगलं तर आटे खराब आहेत. मग एका नगाच्या मागच्या कडेवर, जिथे धार नाही तिथे, बारीक कानस फिरवा. कडक पोलादावर ती अडखळत चालते, मऊ धातूचा कीस भराभर निघतो. शेजारी दुकानातून घेतलेला खात्रीचा नग असेल तर फरक हातालाच कळतो. आणि शेवटची परीक्षा माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: एकाला धार लावा, तो बाणावर चढवून वाळूच्या पोत्यात एकदा मारा, आणि मग ताणलेल्या रबरबँडवर हलकेच टेकवा. धार खाली जातेच, पण चांगल्या पोलादाचा नग निसण्यावर चार हात फिरवले की पुन्हा रबर कापतो. माझ्याकडच्या दुसऱ्या नगाची कड पोत्यातच गुंडाळली गेली होती.

तो विक्रेता आता त्या नावाने दिसत नाही. पण मागच्या आठवड्यात तेच फोटो दुसऱ्या दुकानाच्या नावाखाली पुन्हा आले आहेत. पाकिटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर तोच दुमडलेला भाग, मागे तेच लाकडी टेबल, आणि वर्णनात पुन्हा पहिलाच शब्द ‘धार लावायला सोपा’. मी त्या पानाचीही तक्रार केली आहे. तुम्हाला हे फोटो कुठे दिसले तर तुम्हीही करा. पानावरच संशयास्पद विक्रेत्याची तक्रार करायची सोय असते.